दोन इंचांतली भावकी

पुतणीने आपल्याला 'किरकोळ'मध्ये टाकलंय हे नीलाकाकीच्या लक्षात आलं आणि तिथून त्या दुपारचा विचका सुरू झाला.

तोवर सगळं अनुष्काने ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. मे महिना, दुपारचे दोन, महाडात भारनियमनाची वेळ. टीव्ही बंद, पंखे बंद. आमरसाचं पातेलं निपटून झालेलं. अशा दुपारी माणसं एकतर झोपतात, नाहीतर भांडतात. पण चंद्राआत्या चेंबूरहून आलेली असताना झोपायची कुणाची छाती नव्हती. म्हणून अनुष्काने पडवीत सगळ्यांना बसवलं आणि मोबाइल काढला.

त्या फोनात तेराशे बारा फोटो होते. तीन वर्षांपूर्वी सावित्री नदीचं पाणी हाटेंच्या घरात माळ्याला टेकलं, तेव्हा कपाटातले सगळे अल्बम ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटले. सोडवायला जावं तर काकाचा चेहरा मावशीच्या लुगड्यावर निघून यायचा. पुढे अनुष्का संगणकाच्या क्लासात शिकवायला लागली, पहिल्या पगारातून तिने कॅमेऱ्याचा फोन घेतला आणि नातेवाइकांची दारं पालथी घातली. पोलादपूर, तुडील, चेंबूर. ज्याच्याकडे जो फोटो असेल तो उंबऱ्यावरच्या उजेडात ठेवायचा आणि त्याचा फोटो काढायचा. त्यात पुढची लग्नं, बारशी, चौदा एप्रिलच्या मिरवणुका यांची भर पडली. अख्खी हाटे भावकी त्या फोनात गोळा झाली होती आणि पडदा होता जेमतेम दोन इंचांचा. एका वेळी नऊ फोटो दिसायचे, प्रत्येक हरभऱ्याच्या डाळीएवढा. एखादा उघडायचा म्हटलं तर फोन घटकाभर विचार करत बसायचा.

तर या तेराशे बारांचे अनुष्काने कप्पे केले होते. 'पूर', 'मुंबई', 'तुडील', 'चौदा एप्रिल', 'शेत'. जे कुठेच बसेनात ते 'किरकोळ'.

"किरकोळ म्हंजे काय गो?" नीलाकाकीने विचारलं. काकी म्हणजे धाकट्या काकांची बायको, पोलादपूरची. तिच्या सुरीने केळ्याचं पान चिरलं जायचं नाही, पण शब्दाने माणूस उभा चिरायची. "मी काय कोथंबीर हाय?"

"तसं नाही काकी, ते फक्त फोनातलं नाव आहे."

"फोनात तरी का म्हून? वन्सांना आख्खी 'मुंबई' आन् मला किरकोळ!"

चंद्राआत्याने पदर सावरला. ती काशीरामची, म्हणजे अनुष्काच्या बाबांची, थोरली बहीण. सासर तुडीलचं, पण चेंबूरला चाळीस वर्षं काढलेली. "जलायचं काम नाय नीला. माझे सत्तर फोटो हायत. मोजले मी."

"सत्तरांत पन्नास तुमच्या फ्रीजचे हायत, वन्स."

"फ्रीजच्या बाजूला मी उभी हाय ना!"

"अर्धी."

अनुष्काच्या आईने, ललिताने, तोंडाला पदर लावला. नणंद आणि जाऊ एकमेकींत गुंतल्या की तिला बरं वाटायचं. तेवढ्यापुरतं तिच्या स्वयंपाकाकडे कुणाचं लक्ष जात नसे.

पण काकी खरीच दुखावली होती. "मंग उद्याचे पोहे तुमचे तुम्हीच करा," म्हणाली. "किरकोळ बाईच्या हातचे कशाला?"

उद्याच्या पोह्यांचं नाव निघालं आणि अनुष्का सावध झाली. उद्या सकाळी दहाला तिला बघायला ठाण्याहून माणसं येणार होती. मुलगा बँकेत. स्थळ बाबांच्या कचेरीतल्या जुन्या मित्राने आणलेलं. बाबांनी मित्राला सांगून टाकलं होतं, त्यांची पसंती आली की माझ्याकडून मोडता नाही. आणि अनुष्काला नापसंत करायला ठाण्याची माणसं काही आंधळी नव्हती.

तिला लग्न करायचं होतं नागसेन येलवेशी. आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या गावचा मुलगा, शिवथरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. समाजातला, सरळ, कष्टाळू. खोट एकच: बाबांच्या ओळखीतला नव्हता. काशीराम हाटे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले; अनोळखी माणसाचा दाखलासुद्धा ते तीनदा तपासायचे. उलट ओळखीचा चेहरा दिसला की त्यांचं अर्धं मन तिथेच विरघळायचं. मग अनुष्काने वर्षभर एकच काम केलं, नागसेनचा चेहरा ओळखीचा करण्याचं. काकीच्या मुलीच्या लग्नात, पोलादपूरला, तो आमंत्रणाशिवाय आला आणि वरणाची बादली घेऊन दोन पंगती वाढून गेला. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचा. चौदा एप्रिलला तो मिरवणुकीत बाबांच्या मागे दोन हातांवर होता. प्रत्येक वेळी अनुष्काने फोटो काढले. असे अकरा फोटो तेराशे एकमध्ये पेरलेले होते.

आज सगळ्यांनी ते बघायचे. पाच वाजता नागसेन यायचा. बाबांनी म्हणायचं, याला कुठंतरी पाहिलंय. आणि त्या धाग्याला धरून अनुष्काने पुढचं बोलायचं. इतका साधा बेत. नागसेनलाही तिने बजावलं होतं, "आमच्याकडे कुणी काहीही विचारलं तर नाही म्हणू नकोस. आमच्या माणसांना नकार सोसत नाही."

"काकी, थांब," ती आता म्हणाली. "तुझा वेगळा कप्पा करते. आत्ताच्या आत्ता. नाव काय देऊ?"

काकीने लगेच मान वळवली नाही. मग म्हणाली, "पोलादपूर. आन् पुढं माझं नाव टाक. पोलादपुरात काय मी एकटी ऱ्हातंय?"

एकेक फोटो उघडायचा, 'हलवा' म्हणायचं, कुठे हलवू असं फोन विचारणार, कप्पा दाखवायचा, खात्री आहे का असं पुन्हा विचारणार, हो म्हणायचं. काकी शेजारी बसून एकेक हलवून घेत होती. फोनाच्या बॅटरीची एक काडी उरली होती आणि वीज यायला अजून दोन तास होते. सातव्या फोटोत वरणाची बादली घेतलेला नागसेन होता.

"हा..." काकी म्हणाली आणि थांबली.

अनुष्काने फोन तिच्या डोळ्यांजवळ नेला.

आता हे सांगायला हवं की हाटेंच्या घरात 'हा कोण' असं कुणी विचारत नसे. विचारणं म्हणजे आपल्याला आपली माणसं माहीत नाहीत याची कबुली. बाबांकडे तर लाल कापडात बांधलेली वंशावळीची वही होती, सात पिढ्यांची, कचेरीच्या वळणदार अक्षरात. त्या वहीच्या धाकाने घरातलं शेंबडं पोरसुद्धा दुरून येणाऱ्याला बघून म्हणायचं, "आले वाटतं आपले."

"हा ना," काकी पुन्हा म्हणाली, "आपलाच."

"कोन आपला? बघू." आत्याने फोन घेतला. पडवीत ऊन होतं, पडद्यावर स्वतःचंच नाक दिसत होतं. आत्याने मग डोक्यावरून पदर ओढला, फोन आत घेतला आणि तंबूत शिरल्यासारखी नाहीशी झाली. आतून आवाज आला, "मोठा कसा करायचा?"

"मधलं बटण, आत्या. पण फार नको, चौकोन दिसतात."

आत्याने फारच केलं. तोंडाचे चौकोन झाले, डोळ्यांचे चौकोन झाले, शिल्लक राहिला एक कान. पदर एकदम मागे पडला आणि आत्याचा विजयी चेहरा बाहेर आला.

"दत्तारामचा!"

"कुठला दत्ताराम?" आईने विचारलं.

"आपला दत्ताराम गो! काशाचा चुलतभाव. वापीला गेला तो. कान बघ पोराचा, कान! पाळी सुटी हाय. ह्यो हाटेंचाच कान."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. दत्ताराम वीस वर्षांपूर्वी वापीला कारखान्यात गेला, तो बायकापोरांसकट परत फिरकलाच नव्हता. वहीत त्याच्या नावाखाली एक मुलगा होता, पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. ती रिकामी जागा बाबांना वीस वर्षं खुपत होती.

"आण इकडे," ते म्हणाले आणि बहिणीचा पदर स्वतःच्या डोक्यावर घेऊन आत गेले. साठी उलटलेला माणूस थोरल्या बहिणीच्या पदराखाली बसून फोन बघतोय हे दृश्य अनुष्काला एरवी फार आवडलं असतं.

"चांगू," बाबा आतून म्हणाले. "आज्याचं नाव ठेवलंय त्याला, चांगू. त्याच्या बारशाला मी होतो. वाळा नेला होता मी."

"बाबा, नीट बघा," अनुष्का म्हणाली. "तुम्हाला खात्री आहे?"

"मला विचारतेस?" पदर हलला. "अगं, माझ्या मांडीवर ओला केलाय त्याने मला."

काकीला मागे राहून चालणार नव्हतं. फोटो तिच्या मुलीच्या लग्नातला होता. "मीच बोलवला व्हता त्याला," ती म्हणाली. "फोन करून. येवढा लांबून आला आन् बादली घेऊन उभा ऱ्हायला बिचारा. रक्त हो, दुसरं काय!"

मग आई पदराखाली गेली. ती फार वेळ आत राहिली. तिने पुढचे दोन-चार फोटो उघडले असावेत, कारण फोनाची टिकटिक ऐकू येत होती. बाहेर आली तेव्हा तिने आधी लेकीकडे बघितलं. आईला सगळं कळलं, हे अनुष्काला त्या एका नजरेत कळलं. मिरवणुकीच्या फोटोत मिरवणूक कडेला आणि मधोमध हाच मुलगा, असा फोटो कुठली मुलगी कशासाठी काढते, हे समजायला ललिताला वहीची गरज नव्हती.

"हा? हा चांगूच की," आई घाईघाईने म्हणाली. "दुसरा कोण असणार!"

पोरीला वाचवायला म्हणून ती बोलली, आणि तिने पोरीला पुरती बुडवली. कारण आता चार तोंडांनी ठरवलं होतं, की नागसेन येलवे हा काशीरामच्या चुलतभावाचा मुलगा. म्हणजे अनुष्काचा भाऊ. ठाण्याचं स्थळ एक वेळ मोडता आलं असतं. भावाशी लग्न कोण लावून देणार?

अनुष्का रडायच्या बेताला आली होती, आणि त्यात हसूही येत होतं म्हणून तिला स्वतःचा आणखी राग आला. वर्षभर खपून तिने त्याला घरातला केला होता. नको इतका घरातला झाला तो.

त्याला निरोप द्यायला हवा होता, येऊ नकोस म्हणून. पण निरोप द्यायचा फोन आत्याच्या पदरात.

"आत्या, जरा फोन दे ना. एक मेसेज करते."

"थांब गो, अजून बाराशे ऱ्हायलेत."

पुढचा तासभर पडवीत चांगूचा जन्म होत राहिला. दर थोड्या वेळाने पदराखालून आरोळी यायची, "हा बघ, चांगू!" आणि बाहेर त्याच्या चरित्रात भर पडायची. तिसऱ्या फोटोपर्यंत तो वापीला फिटर झाला. पाचव्याला काकीला आठवलं की त्याने दिवाळीला फोन केला होता. सातव्याला बाबांनी वही आणली, लाल कापड सोडलं आणि वीस वर्षांची रिकामी जागा भरायला घेतली. अनुष्काने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा फाटकात नागसेन उभा होता. पाचचा माणूस चार वाजता. खांद्यावर त्याच्या गावचा भलामोठा फणस, चिकाने खांद्याचा सदरा गेलेला.

"जयभीम," तो म्हणाला.

सगळे फोनातून बाहेर आलेल्या माणसाकडे बघत राहिले. मग आत्या उठली, पायऱ्या उतरून गेली आणि फणसासकट त्याला मिठी मारली.

"चांगू! आलास रे माझ्या राजा!"

नागसेनने आत्याच्या खांद्यावरून अनुष्काकडे बघितलं. अनुष्काने जोरात मान हलवली, नाही, नाही. बिचाऱ्याला वाटलं ती आठवण करून देतेय. नाही म्हणू नकोस.

"हो," तो म्हणाला.

"वळखलंस मला?"

"हो."

"बाप बरा हाय?"

"बरे आहेत." हे खरंच होतं, येलवे गुरुजी ठणठणीत होते.

"गुडघा?"

नागसेनने क्षणभर विचार केला. "हो, गुडघा... दुखतो कधीकधी."

"बघ!" आत्या वळून गरजली. "दत्तारामचा गुडघा! मी काय सांगत व्हते?"

त्याला पडवीत बसवलं. काकीने त्याला पाणी दिलं आणि दिवाळीला फोन केलास ते बरं केलंस म्हणाली. तो हो म्हणाला. आईने गूळ-शेंगदाणे आणले आणि त्याच्यासमोर ठेवताना मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना. मग बाबांनी वही उघडली. हाटेंच्या सात पिढ्या त्यांनी वाचायला घेतल्या, शाखा-उपशाखांसह, कोण कुठे गेला, कुणाला काय झालं. ही वही या घरात कुणी पूर्ण ऐकली नव्हती. धाकटे काका तिसऱ्या पिढीत झोपायचे, आई दुसऱ्या पिढीत चहा टाकायला उठायची. नागसेन मात्र ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "म्हणजे चौथ्या पिढीतले हे घाटावरून खाली उतरले ते पटकीच्या साथीत?" बाबांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. प्रश्न विचारणारा श्रोता त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.

अनुष्का खांबाला टेकून हे बघत होती. बाबांचा आवाज सैल झाला होता, हात नागसेनच्या गुडघ्यावर होता. तिने वर्षभर हेच तर मनात रंगवलं होतं. आणि ते सगळं त्या वापीच्या चांगूच्या नावावर जमा होत होतं. तिला चांगूचा भयंकर राग आला, कधी न पाहिलेल्या माणसाचा येऊ शकतो तेवढा.

आत्याने मग उद्याचं काढलं. "बरा आलास रे तू. उद्या बहिणीला बघायला येतायत. हिला सख्खा भाव नाय. भाव म्हून तू उभा ऱ्हा. पाहुण्यांना पोहे तूच दे."

"कुणाच्या बहिणीला?" नागसेनने विचारलं.

"तुझ्या. ही काय."

नागसेनने अनुष्काकडे बघितलं. त्याच्या तोंडून त्या दिवसातला पहिला नकार निघाला.

"नाही."

"नाय म्हंजे?"

"बाकी सगळं हो. हे नाही."

फणसाचा वास सुटला होता. आता बोलली नाही तर उद्या दहा वाजता हाच मनुष्य आपला भाऊ म्हणून पाहुण्यांच्या हातात पोह्यांची ताटली देईल, हे अनुष्काला लख्ख दिसलं, आणि ती बोलली.

"आत्या, तो चांगू नाही. दत्तारामकाकांचा कुणी नाही. आपल्या भावकीतलाच नाही. काकीच्या घरी, मिरवणुकीत, सगळीकडे त्याला मीच यायला सांगितलं होतं. तुम्हाला तो माहीत व्हावा म्हणून. मला त्याच्याशी लग्न करायचंय, बाबा. उद्याच्याशी नाही."

कुणी कुणाकडे बघेना. प्रत्येकाच्या डोक्यात आपापलं गणित चालू होतं. बाबांच्या मांडीवर न झालेल्या ओल्याचं, काकीच्या न आलेल्या फोनाचं, आत्याच्या कानाचं. मुलीने स्वतः मुलगा बघितला, हा गुन्हा मोठा होता. पण त्यावर तोंड उघडायचं तर आधी स्वतःचं खोटं कबूल करावं लागणार होतं. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

"मला फसवलंस," ते हळू म्हणाले. "वहीत लिहिलं मी."

हे मात्र अनुष्काला लागलं. वहीत बाबांनी कधी खाडाखोड केली नव्हती.

आत्याने हात पुढे केला आणि शेजारी पडलेला फोन उचलला. पदर डोक्यावरून ओढला. तंबूत टिक, टिक, टिक. ती नेमकं काय बघत होती कोण जाणे. बाहेर बसलेल्यांना ती वेळ एका वर्षाएवढी लांबलेली वाटली. मग पदर सरकला. आत्याच्या चेहऱ्यावर लाजबीज काही नव्हती, होतं ते चेंबूरच्या नळावर चाळीस वर्षं पहिला नंबर लावणाऱ्या बाईचं शांत समाधान.

"दत्तारामचा म्हून कोन बोललं?" तिने विचारलं.

"तुम्हीच, वन्स," काकी म्हणाली.

"मी बोलले, आपला हाय. आपला म्हंजे माज्याकडचा. तुडीलचा. माझ्या धाकट्या नणंदेच्या सासरचा पोर हाय ह्यो. दत्तारामचं तुम्हीच घुसडलंत मधी."

काकी अर्धा क्षण विचारात पडली. फोनात 'पोलादपूर नीला' असा नवा कोरा कप्पा होता आणि तो देणारी पोरगी खांबाला धरून उभी होती. "आता आठवलं," ती म्हणाली. "लग्नात तुडीलच्या माणसांतच बसला व्हता हा. मीच चुकले, वापी म्हटलं."

"कानसुद्धा वन्सांच्या सासरचेच आहेत," आई म्हणाली.

"हाटेंचा कान म्हणाली होतीस ना आक्का?" बाबा कुरकुरले.

"चौकोन दिसत व्हते मला! तुमच्या पोरीच्या फोनाचा दोष." आत्या आता त्यांच्यासमोर येऊन बसली. "काशा, ठाण्याचं स्थळ आणलंस. मला कधी कळवलंस? परवा. थोरली बहीण मी, माझ्या भाचीला बघायला येतात आन् मला परवा कळतं. मी बोलले काय? नाय बोलले. पण पोरीवर पहिला हक आत्याच्या घराचा. सगळी दुनिया मानते. आन् आत्याच्या घरचा पोर सोता फणस घेऊन दारात आलाय. आता तुझ्या मित्राला काय सांगायचं ते सांग. मुलगी आत्याकडे दिली म्हटलं तर कुनी नावं ठेवत नाय."

"पण मी बारशाला..."

"आला व्हतास ना तुडीलला! वाळा घेऊन!"

बाबांनी बहिणीकडे बघितलं. मग अनुष्काकडे. फार वेळ बघितलं. तिला वाटलं ते आता उठून आत जातील आणि सगळं संपेल.

"तुला हाच हवा?" त्यांनी विचारलं.

"हाच, बाबा."

बाबांनी वही ओढली आणि चांगूपुढे लिहिलेल्या 'फिटर, वापी' वर एक बारीक, सरळ रेघ मारली.

"हो," ते म्हणाले. "तुडीललाच होतं ते बारसं. पाऊस होता मोठा."

तेव्हा कुठे नागसेनने शेंगदाण्याला हात लावला.

आत्या अनुष्काला ओढून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. "काम काय करतो गो?"

"शिक्षक आहे. शिवथरला."

"पितो?"

"नाही."

"आईबाप?"

"येतील म्हणाले, तुम्ही बोलवाल तेव्हा."

"त्यांना आधी माझ्याकडं पाठव. तुडीलचं कोन कोन ते शिकवायला लागेल." आत्याने तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्याच हाताने हलकी चापट मारली. "आन् फोनात त्याला आधी माझ्या तुडीलच्या कप्प्यात टाक. आत्ता. माझ्यासमोर."

शेवटच्या काडीवर अनुष्काने अकरा फोटो एकेक करून 'तुडील'मध्ये हलवले. खात्री आहे का, असं फोनाने अकरा वेळा विचारलं.

साडेपाचच्या एसटीला नागसेन निघाला. पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही म्हणून आईने कुळथाच्या पिठाची पिशवी बांधली, पण ती हातात येईपर्यंत तो आणि बाबा वळणापर्यंत गेले होते. अनुष्का पिशवी घेऊन मागून धावली. बाबा मागे हात बांधून चालत होते, नागसेन त्यांच्यापेक्षा अर्धं पाऊल मागे. ती जवळ आली हे दोघांनाही कळलं नाही.

बाबा थांबले. त्यांनी एकदा घराच्या बाजूला नजर टाकली, पडवीतून काही ऐकू जाणार नाही याची खात्री केली आणि खाकरून आवाज खाली आणला.

"नाव काय रे तुझं?"

"नागसेन," तो म्हणाला. "नागसेन अर्जुन येलवे."

"नागसेन," बाबांनी म्हणून बघितलं. मग त्याच्या चिकाळलेल्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं. चांगू मला पहिल्यापासूनच पटलं नव्हतं."